ओंडक्यावर बसवलेली आत्या

सुताराच्या आत्याचे खरे नाव आमच्या गल्लीत कोणाला ठाऊक नव्हते. तिला सगळे ठिय्याआत्या म्हणत, तेही तोंडावर, आणि तिला त्याचा राग येण्याऐवजी अभिमानच वाटे. तिच्या मृत्यूनंतर तिच्याविषयी चार बरे शब्द बोलण्याची चढाओढ लागली. ती किती मायाळू होती, किती सोशीक होती, घरासाठी कशी झिजली, हे ज्यांनी तिला झिजवले तेच गहिवरून सांगू लागले. ते ऐकून घेणे मला अशक्य झाले, म्हणून ही हकिकत जशी घडली तशी लिहीत आहे.

बसणे हेच तिचे आयुष्यभराचे काम होते. त्याची सुरुवात तिच्या वडिलांनी केली. ते आणि त्यांचे चुलतभाऊ यांच्यात घरातल्या तळमजल्यावरच्या एका खोलीवरून वाद होता. खोलीतला भाडेकरू निघून गेला त्या दिवशी वडिलांनी आपल्या तरुण मुलीला एक स्टूल दिले आणि सांगितले, "इथं बस. कुणी कितीही बोलावलं तरी उठायचं नाही. आपलं माणूस आत आहे तोवर खोली आपली." ती बसली. चुलत्यांनी दाराखालून सांडपाणी सोडले, खिडकीतून कुत्रे आत ढकलले, बाहेर बसून तिच्या चारित्र्याविषयी मोठमोठ्याने शंका काढल्या. ती जागची हलली नाही. जेवण खिडकीतून आत येई, आणि बाकीचे सारे मागच्या मोरीत उरके.

याच दिवसांत खाडी ओलांडणाऱ्या तरीवरचा एक तिकीट कारकून तिच्यासाठी येऊ लागला. मनुष्य सज्जन होता, तिला पसंत होता. एके दिवशी धीर करून तो खिडकीशी उभा राहिला.

"जरा बाहेर या. बोलायचं आहे."

"इथूनच बोला की."

"खिडकीतून विचारण्यासारखं नाही ते."

"मग मलाही उठण्यासारखं नाही."

हा संवाद ती पुढे म्हातारपणीही हसत हसत सांगे, आणि ऐकणारेही पोट धरून हसत. कारकुनाने आणखी काही दिवस वाट पाहिली, नंतर त्याने दुसरीकडे लग्न केले. खोली मात्र वडिलांना मिळाली. वडिलांनी ती मुलाला दिली, मुलाने आपल्या मुलाला, आणि त्या मुलाने, म्हणजे सध्याच्या सुताराने, तिथे करवतीचे यंत्र बसवले. आत्याची खाट जिन्याखालच्या बोळात, फळ्यांच्या थप्पीशेजारी लागली. झोपेत कूस बदलली की तिच्या अंगावर भुसा पडे. याविषयी तिने कधी तक्रार केली नाही, आणि तक्रार न करणाऱ्याला या जगात बोळच मिळतो.

पुढे ती सगळ्या गल्लीच्या उपयोगी पडू लागली. पाण्याच्या टँकरपुढची रांग, दवाखान्यातली रांग, शाळाप्रवेशाची रांग, जिथे जागा धरायची असेल तिथे लोक तिला मागून नेत. मागणीही तिच्याकडे करीत नसत. सुताराच्या दारात उभे राहून विचारीत, "आत्या रिकामी आहे का आज?" जणू शिडी मागावी. सुतार म्हणे, "न्या, पण तिन्हीसांजेच्या आत परत आणून द्या." मोबदला म्हणून तिला चहा मिळे. तिचा नियम एकच होता. ज्याने बसवले त्यानेच येऊन "ऊठ" म्हणायला हवे. त्याखेरीज ती उठत नसे. एकदा दवाखान्यात तिला बसवून एक गृहस्थ विसरून घरी गेले. दवाखाना बंद करताना शिपायाने तिला विनवले, दम दिला, शेवटी दिवे घालवले. ती अंधारात बसून राहिली. गृहस्थ धावत आले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "उशीर केलात. पण जागा आहे हं तुमची."

वयाबरोबर तिचा खुबा दुखू लागला. उठताना आधी हात, मग गुडघा, मग कण्हणे, अशा पायऱ्यांनी ती उठे. सुतार थट्टेने म्हणे, "देवानंच सोय केली बघ आत्या. आता तुला उठायची इच्छाच व्हायची नाही." यावर ती मनापासून हसे. तिला ते कौतुक वाटे.

त्या वर्षीचे वादळ आमच्या गावावर संध्याकाळी आले आणि पहाटेपूर्वी ओसरले. सकाळी आकाश धुऊन ठेवल्यासारखे स्वच्छ होते, वारा नावालाही नव्हता. पत्रे उडाले होते, झाडे आडवी झाली होती, किनाऱ्याचा रस्ता एका ठिकाणी खालची वाळू वाहून गेल्यामुळे खचला होता. सुताराच्या घराचे आढे मधोमध मोडले होते आणि छप्पर करवतीच्या यंत्रावर ओणवे झाले होते. नगरपालिकेची गाडी ध्वनिक्षेपक लावून फिरू लागली. "वादळ खोल समुद्राकडे सरकले आहे. वाऱ्याचा धोका टळला आहे." एवढे ऐकून लोकांनी दारे उघडली आणि ते रस्त्यावर आले. "तथापि समुद्रात उंच लाटा दोन दिवस येत राहतील, किनाऱ्यावर कोणीही जाऊ नये, तुटलेल्या तारांना स्पर्श करू नये," हे पुढचे वाक्यही गाडीने तितक्याच स्पष्टपणे उच्चारले. ते ऐकायला थांबण्याची सवड कोणाला नव्हती, कारण तोवर बातमी आली होती की खाडीच्या तोंडाशी असलेली लाकडाची वखार फुटून तिचे ओंडके पुळणीवर लागले आहेत.

वखारवाल्याने ते ओंडके साखळदंडाने बांधावेत, अशी मागणी मी नगरपालिकेकडे पूर्वी केली होती. तिचे काय झाले हे सांगण्यात अर्थ नाही.

आमच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या लाकडाचा एक अलिखित कायदा आहे. ओंडक्यावर ज्याचे माणूस बसले असेल त्याचा तो ओंडका. फडके टाकून, खूण करून, हात लावून चालत नाही. पूर्वी फडकी पळवली गेली, खुणा तासल्या गेल्या, डोकी फुटली. तेव्हापासून बसण्याचा नियम आला. उभे राहणेही मान्य नाही, कारण उभा माणूस भांडायला तयार असतो. बसलेला आपणहून उठला की हक्क संपला. ओंडका समुद्राच्या भिंतीपलीकडे ओढून नेईपर्यंत कोणी ना कोणी त्यावर बसलेले असले पाहिजे. ओढण्यासाठी धडधाकट माणसे लागतात, म्हणून बसायला घरातली निरुपयोगी माणसे आणली जातात. त्या सकाळी आमची पुळण पाहून कोणाही परक्याला वाटले असते की गावातल्या सर्व वृद्धांना हवा खायला आणून बसवले आहे. भिंतीच्या पायऱ्यांवर मनाईची पट्टी बांधणारा पहारेकरी आधी स्वतःच्या सासऱ्याला एका ओंडक्यावर टेकवून आला, मग त्याने पट्टी बांधली.

समुद्र शांत दिसत होता, आणि खरा धोका त्या दिसण्यातच होता. पाहुणा निघून गेल्यावर त्याचे सामान मागाहून येत राहावे, तशा दूर गेलेल्या वादळाच्या लाटा येत होत्या. बराच वेळ काही नाही, पाणी नुसते पायाशी लोळते. आणि मग एकामागून एक अशा तीनचार लाटा येऊन पार भिंतीपर्यंत धडकतात. पुन्हा शांतता. त्या शांततेलाच लोक ओहोटी समजत होते.

सुताराला उशीर झाला होता. वरच्या वाळूतले ओंडके बसून झाले होते. उरलेल्यांत सर्वांत मोठा, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही असा, अगदी खाली ओल्या वाळूत निम्मा रुतला होता. त्याच्या पलीकडे पाण्याने वाळू कापून छातीएवढा कडा केला होता. सुताराने ओंडक्याभोवती एक फेरी मारली, बोटाने रेषा चाचपल्या, आणि आत्याला काखेत धरून वर बसवले.

"यातून आढं निघेल, आणि वर सहा दारं," तो म्हणाला. "आत्या, हलायचं नाही हं. दोरखंड नि हातगाडी आणतो. हा गेलो नि हा आलो."

"मी कधी हलले रे? तुझ्या जन्माआधीपासून बसतेय."

"पाय वर घे. भिजतील."

"भिजले तर वाळतील. तू पळ."

तो गेला, आणि खचलेल्या रस्त्यामुळे त्याला गाडी सगळ्या गावाला वळसा घालून आणावी लागली.

शेजारच्या लहान ओंडक्यावर आमच्या गल्लीतला शिंपी आणि त्याची बायको बसली होती. लाटांची एक रांग आली. पाणी आत्याच्या गुडघ्यापर्यंत चढले आणि ओंडका रुतल्या जागी किंचित डुलला. भिंतीवरून मला तो डुललेला स्पष्ट दिसला. शिंप्यालाही दिसला.

"आत्या, उठा! ओंडका सुटतोय खालून," तो ओरडला.

"सुटू दे."

"अहो, अंगावर येईल. उठा, वर या. तुमच्या ओंडक्यावर मी लक्ष ठेवतो."

"तू ठेवशील रे! म्हणूनच उठत नाही."

आसपासचे सगळे हसले. शिंपीही हसला, कारण त्याच्या मनात ते होतेच. तो खरे बोलत होता आणि त्याला ओंडकाही हवा होता. या दोन गोष्टी एकाच माणसात, एकाच वाक्यात असू शकतात. पलीकडून पहारेकऱ्याच्या सासऱ्याने हाक दिली, "आत्याबाई, जिवापेक्षा लाकूड मोठं आहे का?" तिने उत्तर दिले, "मग तुम्ही का नाही उठत?" त्या किनाऱ्यावर तिला ऊठ म्हणणारा प्रत्येक जण त्या ओंडक्याचा उमेदवार होता, आणि तिला आयुष्यभर हेच शिकवले गेले होते की ऊठ म्हणणारा शत्रू असतो.

मी भिंतीवरून खाली उतरलो आणि म्हणालो, "आत्या, मला लाकूड नको आहे. मी सांगतो म्हणून उठा."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "काका, तुमच्या मागच्या दाराला वाळवी लागलीय म्हणे?"

पुन्हा हशा पिकला. माझ्या दाराला वाळवी लागली होती, हे खरे आहे.

पुढची रांग आली ती सर्वांत मोठी होती. पहिल्या लाटेने ओंडका वाळूतून उपटला. आत्या दोन्ही हातांनी त्याला बिलगली. दुसऱ्या लाटेने तो तिच्यासकट उलटा केला, आणि पाणी ओसरले तेव्हा ती खाली होती आणि ओंडका तिच्या कमरेवर. आवाज आला नाही. तिसऱ्या लाटेने ओंडका उचलून वर, कोरड्या वाळूच्या कडेला नेऊन टाकला आणि परतताना ती लाट आत्याला त्या कड्याकडे ओढू लागली. शिंपी आणि आणखी दोघे छातीभर पाण्यात शिरले. शिंप्यानेच तिला काखेत धरून ओढून काढले, हे त्याच्या बाजूने लिहिणे भाग आहे. आणि तिला ओढता ओढताच तो मान वळवून बायकोवर ओरडला, हेही लिहिणे भाग आहे:

"बघतेस काय? बस! त्याच्यावर बस जाऊन!"

शिंपीण धावत जाऊन मोठ्या ओंडक्यावर बसली.

आत्याला कोरड्या वाळूवर निजवले. तिचा एक पाय भलत्याच दिशेला वळला होता आणि कमरेखालचा भाग सपाट दिसत होता. चेहऱ्यावर राखेचा रंग आला होता. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. तिकडून उत्तर आले की रस्ता खचल्याने गाडी येऊ शकत नाही, रुग्णाला चौकापर्यंत आणा. तेवढ्यात सुतार हातगाडी घेऊन पोहोचला. त्याने आधी ओंडक्याकडे पाहिले, ओंडक्यावरच्या शिंपिणीकडे पाहिले, आणि मग वाळूवरच्या आत्याकडे.

"ही उठली?" त्याने विचारले.

"उठली म्हणजे काय, जागेवर नव्हती," शिंपी म्हणाला. "ओंडका मोकळा होता."

"मोकळा कसा? लाटेनं पाडलं असेल तर तिचा हक्क आहे."

"ते तिलाच विचार."

लोक गोळा झाले. ज्येष्ठांनी आपापल्या ओंडक्यांवरून मते मांडली. न्यायदानासाठीही कोणी खाली उतरले नाही. मी म्हणालो, गाडी आली आहे, तिला गाडीवर घाला. सुतार म्हणाला, "काका, एक मिनिट. एवढा निकाल लागू द्या." तो आत्याजवळ उकिडवा बसला.

"आत्या, तू आपणहून उतरलीस का?"

तिने डोळे उघडले. दुखण्यापेक्षा त्या प्रश्नाचा तिला अपमान वाटला, असे मला दिसले.

"मी?" ती म्हणाली. "मी नाही उठले. मला पाडलं."

तिचा शब्द सर्वांनी मानला. तिच्याविषयी या बाबतीत शंका घेण्याची कोणाची छाती नव्हती. शिंपीण बडबडत उतरली आणि अजून कोणी न घेतलेल्या आपल्या लहान ओंडक्याकडे निघाली. "घ्या बाई तुमचं लाकूड. लोकांनी जीव धोक्यात घालून माणूस काढायचं, आणि वर हे!" सुताराचा हक्क शाबीत झाला. आणि त्याच क्षणी नवी अडचण उभी राहिली. ओंडका अजून भिंतीच्या अलीकडेच होता, त्यावर कोणी बसलेले नव्हते, आणि सुतार एकटा होता. तो आत्याला घेऊन चौकाकडे गेला असता तर भिंत ओलांडायच्या आत शिंपीण पुन्हा बसली असती. तो स्वतः बसला असता तर गाडी कोण ढकलणार? भरलेली गाडी वाळूतून ढकलणे माझ्या वयाला झेपणारे नव्हते, आणि आपला ओंडका सोडून चौकापर्यंत येणारा दुसरा कोणी नव्हता.

"काका, तुम्ही बसता का?" त्याने मला विचारले.

मी बसायला निघालो. चारपाच जण एकदम ओरडले, "घरातलंच माणूस पाहिजे! शेजारी चालत नाही!" तो नियम होता हे मला त्या दिवशी कळले.

सुतार ओठ चावत उभा राहिला. मग तो खाली वाकला. "आत्या, ऐक. दवाखान्यात नेऊन तरी काय, आज तिथं ही रांग असणार. आणि रांगेत बसायला तूच नाहीस. थोडा वेळ कळ काढ. मी बायकोला घेऊन येतो. ती बसली की तुला लगेच गाडीवर घेतो. तोवर टेकशील?"

"तिची कंबर मोडली आहे," मी म्हणालो. "ती बसू शकत नाही. तुम्ही माणसे आहात की कोण?"

"काका, तुमचं काय जातंय? छप्पर तुमचं नाही पडलं."

"ठेव मला," आत्या म्हणाली.

"आत्या, अहो, ऐका..."

"काका, तुम्ही मध्ये पडू नका. घरचं आहे हे. ठेव रे."

तिला चौघांनी उचलले. त्यांत शिंपीही होता. उचलताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी वर्णन करणार नाही. तिला ओंडक्यावर बसवले, पाठीशी वाळूत हातगाडी उभी करून टेका दिला. ती पांढरी पडली होती, पण बसली होती. सर्वांनी पाहिले, कोणी हरकत घेतली नाही. सुतार पळत घरी गेला.

मी तिच्याशेजारी उभा राहिलो. तिने एकदा पाणी मागितले. ते कोणाकडे नव्हते. सगळा समुद्र समोर, आणि प्यायला घोटभर नाही, असे कोणीतरी म्हणाले आणि दुसरा हसला. मग तिने विचारले, "गेला का तो?" मी म्हणालो, "गेला. येईलच." ती म्हणाली, "येऊ दे सावकाश." त्यानंतर ती बोलली नाही. समुद्र पुन्हा शांत झाला होता. तिची मान हळूहळू छातीवर आली, जशी पुष्कळ वेळ बसलेल्या कोणाचीही येते. शिंपीण आपल्या ओंडक्यावरून टक लावून पाहत होती.

सुतार आणि त्याची बायको धावत आली. सुतार दोरखंडाचे वेटोळे सोडू लागला. बायको आत्याजवळ आली, वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, नाकाशी बोटे धरली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. तिच्या चेहऱ्यावर काय झाले ते मला दिसले, आणि मी पाहिले हे तिलाही दिसले. मी बोलण्यासाठी तोंड उघडले. तिने शिंपिणीकडे एक नजर टाकली, माझ्याकडे टाकली, आणि मान अगदी बारीक हलवून नाही म्हटले.

मग ती आत्याला खेटून ओंडक्यावर बसली. एक हात तिने आत्याच्या पाठीमागून घालून कमरेशी आवळला, दुसऱ्या हाताने तिचे डोके आपल्या खांद्यावर घेतले आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "झोप लागली होय आत्याबाई? बरं, टेका माझ्यावर. मी बसलेय आता."

सुताराने पहारेने ओंडका उचलून धरला, दोरखंड खालून ओढला, दोनदा गुंडाळला आणि पाय लावून गाठ आवळली. बायकोने ती गाठ नीट बसेपर्यंत वाट पाहिली. मग ती नवऱ्याला म्हणाली, "आत्या गेल्या," आणि रडू लागली. रडताना ती ओंडक्यावरून उठली नाही.